पाचव्या मजल्यावरचे हिरवे ठिपके

शुक्रवारी सकाळी शेजारणीचा, प्रेमाचा, आवाज चढला की मी गॅस बारीक करून कान देते.

"अहो, नळ ठीक आहे तो! सोमवारीच उघडलात ना? बसा बघू गप एका जागी!"

मग पान्याचा खणखणाट होतो आणि थोड्या वेळाने सहदेव भावोजी आमच्या दारात उभे राहतात. खाली लुंगी, वर कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पाना.

"वहिनी, तुमचा बाथरूमचा नळ बघू काय? रात्री टपटपत होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भिंतीतून ऐकू येतं ना."

सहदेव तोरसकर सोमवारी आणि शुक्रवारी घरून काम करतात. प्रेमाने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं ती मस्करी करतेय. कारण त्यांचं काम म्हणजे अंधेरीतली एक ऑफिसची इमारत सांभाळणं. एसी, लिफ्ट, पाणी, वीज, संडास, चहाची मशीन, साफसफाई, सगळं त्यांच्याकडे. आता इमारत अंधेरीला आणि तिला सांभाळणारा दिंडोशीला, आमच्या कॉलनीत, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून. ऑफिसातल्या सगळ्यांना आठवड्यात दोन दिवस घरून काम करायचा नियम लागला, तो यांनाही लागला. "समान धोरण" म्हणे.

"म्हणजे वॉचमनलापण घरून राखण करायला सांगतील," प्रेमा म्हणाली होती. भावोजी हसले नाहीत. त्यांना ते अशक्य वाटत नव्हतं.

त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते. संप झाला तेव्हा हे शाळेत. पुढे आयटीआय करून इलेक्ट्रिशियन म्हणून त्या इमारतीत चिकटले आणि चढत चढत सुपरवायझर झाले. वडिलांकडून एक सवय आलीय, मशीन बघायच्या आधी ऐकायची. एसीच्या खोलीच्या दाराला तळहात लावून उभे राहायचे, म्हणे, आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. कधी कधी चुकायचंही, पण दाराला हात लावल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. आता सोमवारी सकाळी लॅपटॉपवर एसीचं चित्र येतं आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत "सामान्य". त्या चित्राकडे ते असे बघतात, जसं आपण आजारी माणसाच्या खुशालीचा मेसेज दुसऱ्याच्या फोनवर वाचतो.

पूर्वी सगळं सोपं होतं. नऊला माणसं यायची, सहाला जायची. आता सोम-शुक्र इमारत ओस आणि मंगळवार ते गुरुवार जत्रा. त्या तीन दिवसांत कॉफीची मशीन बंद पडते, संडास तुंबतात, जागेवरून भांडणं होतात, कारण कोणाचंही स्वतःचं असं टेबल राहिलेलं नाही. ॲपवर जागा अडवायची, आयत्या वेळी मिळेल तिथे बसायचं. आणि रिकाम्या दिवसांचा वेगळाच ताप. नळ वापरात नसले की मोऱ्यांच्या जाळ्यांखालचं पाणी आटतं आणि गटाराचा वास थेट वर येतो. "माणसं नसली की इमारत आजारी पडते, वहिनी," भावोजी सांगायचे. त्यांच्या हाताखालच्या बायका रिकाम्या मजल्यांवर बादल्या घेऊन मोऱ्यांमध्ये पाणी ओतत फिरायच्या. हे काम कुठल्याच ॲपवर नव्हतं, म्हणून ते कुणी करतंय हे कुणाला माहीतही नव्हतं.

त्या बायकांमध्ये मालन. मालन परब भावोजींच्या गावची, ओळखीने त्यांनीच लावलेली. पन्नाशीची, काटक, बोलायला फटकळ. पाचवा मजला तिच्याकडे. ऑफिसात ती त्यांना "सायेब" म्हणते आणि आमच्या कॉलनीत आली की "सहदेवदादा". नवऱ्याला दमा आहे, त्याची औषधं आणि अधूनमधून दवाखान्यात भरती हे सगळं तिच्या नोकरीतल्या कामगार विम्याच्या कार्डावर चालतं. ती कायम, महिन्याच्या पगारावर असेपर्यंतच ते कार्ड. तिच्या सगळ्या घराची घडी त्या एका कार्डावर बसलेली.

गणपतीनंतर कंपनीने प्रत्येक टेबलाखाली एक पांढरी डबी चिकटवली, काड्यापेटीएवढी. माणूस बसला की डबीला कळतं आणि भावोजींच्या फोनवर त्या जागी हिरवा ठिपका उमटतो. उठला की ठिपका राखाडी. या सगळ्यावर देखरेख करायला नेमलेल्या शर्मिष्ठा मॅडम. वागायला गोड, बोलणं मराठी-इंग्रजी मिसळून, भावोजींना नेहमी "अहो सहदेव" म्हणायच्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत बघू. ज्या मजल्यावर माणसं बसत नाहीत, तो इमारतीच्या मालकाला परत. आणि त्या मजल्याची साफसफाईची माणसं "गरजेप्रमाणे", म्हणजे सकाळी फोनवर मेसेज आला तरच कामावर यायचं.

पाचवा मजला सगळ्यात रिकामा होता. त्या मजल्यावरची माणसं बहुतेक घरूनच काम करणारी. म्हणजे मालन गेलीच.

"मॅडमना सांगा ना, की बाई इतकी वर्षं आहे म्हणून," मी एकदा म्हटलं.

"सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो सहदेव, हे माणसांबद्दल नाहीच, हे जागेबद्दल आहे." भावोजींनी पाना टेबलावर आपटला. "जागा काय स्वतःच झाडू मारून घेते?"

खंडेनवमीला त्यांच्या ऑफिसात यंत्रांची पूजा असते. पंप, एसीचं मशीन, विजेचं पॅनल, लादी पुसायचं मशीन, सगळ्यांना झेंडूचे हार आणि कुंकू. पूर्वी अख्खं ऑफिस खाली उतरायचं प्रसादाला. यंदा प्रेमाने मला चल म्हणून आग्रह केला, तिच्या हातचा शिऱ्याचा मोठा डबा उचलायला कुणीतरी हवं होतं म्हणून. गेलो तर काय, जोडून सुट्टी असल्यामुळे सगळ्यांनी घरूनच काम घेतलेलं. गुरुजी आले, घंटा वाजली, पंपाला ओवाळलं, आणि प्रसादाला आम्ही, सिक्युरिटीची दोन माणसं आणि साफसफाईच्या बायका.

"एवढा शिरा काय पंपाला भरवू?" प्रेमा कुरकुरली.

"वर चला," भावोजी म्हणाले. "पाचव्यावर बसून खाऊ. नाहीतरी तिथे कोण आहे?"

मी तो मजला तेव्हा पहिल्यांदा पाहिला. लखलखीत. एकाही टेबलावर कागद नाही, फोटो नाही, विसरलेला डबा नाही. खिडकीतून विमानं उतरताना दिसत होती. मालनने प्रत्येक खुर्ची टेबलाला अगदी सारखी लावून ठेवलेली, पंगत मांडल्यासारखी. बायका आपापल्या कागदी डिश घेऊन भिंतीला टेकून खाली बसायला लागल्या.

"अगं खुर्च्या आहेत ना एवढ्या!" प्रेमा म्हणाली.

"सायबांच्या खुर्चेर? नको गे बाय," मालन म्हणाली.

"सणाचा दिवस आहे. मी सांगतोय, बसा," भावोजी म्हणाले.

त्या बसल्या. अशा अवघडून, की खुर्ची मोडेल. एकीची खुर्ची मागे कलली तशी ती किंचाळली आणि सगळ्या हसायला लागल्या. आणि तेवढ्यात भावोजींचा फोन उजळला. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं, आणि फोन माझ्यासमोर धरला. पाचव्या मजल्याच्या नकाशावर हिरवे ठिपके. खिडकीजवळ एक, मध्ये एका ओळीत चार-पाच.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "डबीला काय माहीत, कोण बसलंय?"

मालनला समजायला वेळ लागला नाही, आणि कपाळाला आठी पडायलाही. "म्हणजे आमी रोज हय बसाचा? झाडू घेवन?"

"थोडा थोडा वेळ. पाळीपाळीने. दिवाळीपर्यंत फक्त."

"कामाच्या वेळेक खुर्चेर बसलंय तर माझी माकाच लाज वाटात. नाय जमाचा, दादा." ती ऑफिसात त्यांना दादा म्हणाली, एवढी ती अस्वस्थ होती. मग शिऱ्याचा घास गिळून म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत बसू. ती सुट्टी आमची. तेव्हा खंय बसाचा ता आमी ठरवतलो."

भावोजींनी लगेच मान डोलावली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, खरं सांगायचं तर. सुट्टीत बसायचं, कामाच्या वेळी काम करायचं, किती सरळ होतं ते.

त्यानंतरचे दिवस भावोजी जरा हलके झाले होते. शुक्रवारी दुपारी लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवायचे, "बघा, बघा, भरली पंगत!" इतर मजल्यांच्या बायकाही आता जेवायला पाचव्यावर यायला लागल्या होत्या. मालन चटणी आणायची, कुणी सुकट आणायचं. वास राहायला नको म्हणून मग खिडकीशी उभ्या राहून वर्तमानपत्राने वारा घालायच्या. बंद काचेच्या खिडक्या, वास जाणार कुठे? भावोजींनी तेवढ्यापुरता एसीचा पंखा वाढवून द्यायला सुरुवात केली, घरबसल्या, आमच्यासमोर, बोटाच्या एका टोकाने. घरून काम करायचा तेवढा एकच फायदा त्यांना सापडला होता.

दिवाळी झाली. उरलेला चिवडा द्यायला मी प्रेमाकडे गेले तो शुक्रवारच होता. भावोजी लॅपटॉपसमोर, केस पाणी लावून बसवलेले, खाली लुंगीच. मीटिंग चालू होती. प्रेमाने मला स्वयंपाकघरात ओढलं. आमच्या घरांत भिंती असतात नावालाच, शर्मिष्ठा मॅडमचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"आणि आता पाचवा मजला. हे खूप इंटरेस्टिंग आहे, सहदेव! सकाळी शून्य. एक वाजता एकदम फुल्ल. दोन वाजता पुन्हा शून्य. रोज! अगदी शुक्रवारीसुद्धा!"

प्रेमाने माझा दंड धरला.

"लोक काम इतर मजल्यांवर करतायत, पण जेवायला पाचव्यावर जमतायत. एकत्र जेवणं ही आपली संस्कृती आहे ना! तर असं ठरलंय, की टेबलं काढायची आणि तिथे फूड लाउंज करायचं. एक कंपनी बघितलीय, सगळं तेच चालवतील. स्वयंपाक, सर्व्हिस, क्लीनिंग. त्यांची स्वतःची माणसं असतात."

मला आधी हसू फुटणार होतं. मग प्रेमाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सुकट-भाकरी खाणाऱ्या बायकांच्या जिवावर लाउंज उघडणार होतं आणि त्या लाउंजमध्ये त्यांनाच जागा नव्हती.

भावोजींनी घसा खाकरला. प्रेमा दारातून हाताने खुणा करायला लागली, गप्प बसा, गप्प बसा. मला तिचं पटत होतं. बोलून मिळणार काय? नोकरी जायची.

"मॅडम," भावोजी म्हणाले, "ती आमचीच माणसं बसत होती. हाउसकीपिंगची. मीच बसवली होती."

"सॉरी?"

"ठिपके हिरवे व्हावेत म्हणून. मजला जाऊ नये म्हणून." प्रेमाकडे न बघता ते बोलत राहिले. "त्या मजल्यावरची मालन परब माझ्या माहितीतली आहे, मॅडम. मजला रिकामा दिसतो तेव्हाही तिथे काम असतं. मोऱ्या सुकतात, वास येतो, झुरळं होतात. ते तुमच्या डबीला दिसत नाही. तिला कायम ठेवा. हवं तर मजला द्या परत, पण तिला दुसऱ्या मजल्यावर घ्या."

मला वाटलं, नेट गेलं. मग मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"अहो सहदेव, तुम्ही पण ना! मी रागावत नाहीये. पण मग याचा अर्थ मजला खरोखरच रिकामा आहे. बरोबर?"

"होय, पण—"

"मग लाउंजचाही प्रश्न नाही. सरळ परत करू. आणि मालनताईंचं म्हणाल, तर आता आपण माणूस ठेवत नाही, तास ठेवतो. हे धोरण आहे. तुम्हाला खरं सांगू? माझंही टेबल राहिलेलं नाही. मीसुद्धा आत्ता बेडरूममधूनच बोलतेय."

मीटिंग संपली. भावोजींनी लॅपटॉप मिटला, आणि मिटल्यावर त्यावर तळहात ठेवून बसले. आतून काही ऐकू येतंय का ते बघत असल्यासारखे.

"कशाला बोललात?" प्रेमा भडकली. "काय मिळालं? मजला गेलाच, तिची नोकरी गेलीच! वर तुमचं नाव खराब!"

"नाहीतर काय करणार होतो? लाउंज झाल्यावर तिला तोंड दाखवलं असतं काय?"

"आता दाखवणार आहात?"

ते उठले आणि आमच्याकडचा नळ दुरुस्त करायला निघाले. तो बिघडलेला नव्हता. मी करू दिलं.

त्यांची नोकरी गेली नाही. मॅडमनी वरपर्यंत काही कळवलं नसावं. फक्त एक मजला कमी झाला म्हणून त्यांचा घरून काम करायचा अजून एक दिवस वाढला. प्रेमाने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "मला एक नोकरी बघून द्या कुठेतरी. रोज जायची."

मालनचं सगळं "गरजेप्रमाणे" झालं. पहाटे उठून डबा करायची, साडी नेसून फोन हातात घेऊन बसायची. मेसेज आला तर जायची, नाही आला तर डबा घरीच उघडायची. कार्ड बंद झालं. नवऱ्याचा दम्याचा पंप आता दुकानातून विकत घ्यावा लागतो, म्हणून तो दोन वेळा घ्यायचा तर एकदाच घेतो. भावोजींनी दोन-तीन ठिकाणी तिच्यासाठी शब्द टाकला. सगळीकडे तेच उत्तर, आमच्याकडेही आता ॲप आहे.

परवा मालन प्रेमाकडे आली. मी होतेच. भावोजीही होते, दिवस घरचा होता. ती आल्यापासून त्यांनी मान वर केली नव्हती, नुसते बिघडलेल्या मिक्सरशी खेळत बसले होते.

"घरकाम धरलंय," मालन म्हणाली. "गोरेगावाक टॉवरात. जेवण, झाडलोट, कपडे."

"बरं झालं," प्रेमा म्हणाली. "माणसं कशी आहेत?"

"एकटोच हा. शौनक नाव. आणि गंमत काय सांगू, दादा? आपल्याच हाफिसातलो. पाचव्यावरचो. खिडकीकडे बसायचो तो."

भावोजींनी मिक्सर बाजूला ठेवला. "तो चष्मेवाला? बिस्किटाचा चुरा पाडणारा?"

"तोच. अजून पाडता." मालन हसली. "माका तेना ओळखल्यान नाय. मी तरी खुर्ची बघून ओळखलंय. कंपनीन त्याच्या घराक पाठवल्यानी ना, घरून काम करतत म्हणून. खाली आपल्या हाफिसाचो नंबराचो पट्टो चिकटवलेलो आसा. हाफिसात मीच पुसायचंय ती. आता थय पुसतंय."

मजला गेला, तो गेला कुठे, हे मला तेव्हा कळलं. सगळा मजला तुकड्या-तुकड्यांनी लोकांच्या घरी गेला होता आणि मालन तिचा एक तुकडा शोधत मागोमाग पोचली होती. फक्त वाटेत तिचं कार्ड पडलं होतं.

"खुर्ची कशी आहे?" भावोजींनी विचारलं. दुसरं काही विचारणं त्यांना जमलं नसावं.

"एक चाक कुरकुरतां."

ते उठले, आतून तेलाची छोटी बाटली घेऊन आले आणि तिच्या हातात दिली. "दोनच थेंब. जास्त घालू नको, लादीला डाग पडेल."

"घ्या!" प्रेमाने कपाळावर हात मारला. "कंपनीने तुम्हाला घरी बसवलंय, आणि तुम्ही आता लोकांच्या घरच्या खुर्च्या सांभाळा!"

मालनने बाटली पिशवीत ठेवली. भावोजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी जरा हसून, अगदी जपून विचारलं, "बसतेस काय मग तिच्यावर? जेवणाच्या सुट्टीत?"

"घरकामाक जेवणाची सुट्टी खंयची, दादा?" ती म्हणाली आणि चपला घालायला वाकली.